मेडिकलच्या काउंटरवरची व्हिटॅमिनं: काय घ्यायचं, काय परत ठेवायचं

मेडिकलमध्ये जाऊन "ताकदीचं काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर ठरलेला माल येतो. डी३चं साशे, मिथाइलकोबालामिनची (म्हणजे बी१२ची) स्ट्रिप, लालपिवळ्या बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूल, कॅल्शियमच्या मोठ्या गोळ्या, डबीतलं मल्टीव्हिटॅमिन आणि हल्ली केसांसाठी बायोटिनच्या गमीज. हे परीक्षण या सगळ्या मालाचं आहे. प्रत्येक वस्तू तीन प्रश्नांवर तपासली आहे. हे जीवनसत्त्व ताटातून पुरेसं मिळू शकतं का? गोळीत जेवढं आहे तेवढ्याने खरोखर काही होतं का? आणि चुकीचं घेतलं तर काय बिघडतं?

निकाल आधीच सांगतो. महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण घरात पैसे देऊन घ्याव्यात अशा दोनच गोष्टी निघतात: डी आणि बी१२. या दोन्हींच्या बाबतीत आपलं ताट खरोखरच तोकडं पडतं. बाकी बहुतेक सगळं मंडईत, किराण्याच्या दुकानात आणि मासळी बाजारात मिळतं, तेही चवीसकट. गर्भारपण, ॲनिमिया, शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा आजार असं काही असेल तर हा हिशेब बदलतो. तिथे डॉक्टरांची चिठ्ठीच प्रमाण मानायची.

डी३ : ६०,०००चं साशे

भारतात सर्वाधिक चालणारा प्रकार म्हणजे ६०,००० आययू (इंटरनॅशनल युनिट) कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजेच डी३. कॅल्सिरॉलचं एक ग्रॅमचं साशे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. तीच मात्रा सॉफ्टजेल कॅप्सूल, चघळायची गोळी आणि पाच मिलिलिटरची छोटी बाटली अशा रूपांतही येते. आकड्याचा अर्थ आधी समजून घ्या. ४० आययू म्हणजे एक मायक्रोग्रॅम, त्यामुळे ६०,००० म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला रोज ६०० आययू लागतात. म्हणजे एका साशेत शंभर दिवसांची गरज भरलेली असते. म्हणूनच हे आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध आहे. नेहमीचा क्रम असा: कमतरता असेल तर आठवड्याला एक, असे आठ आठवडे, आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा.

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असतं, घरी मात्र रोजच्या गोळ्यांच्या डब्यात साशे जातं आणि आठ आठवड्यांचा साठा आठ दिवसांत संपतो. पुन्हा नवा आणला की प्रकरण धोकादायक होतं. डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. ते जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि लघवी, मूतखडा, आणि म्हाताऱ्या माणसांत गोंधळल्यासारखं वागणं ही त्याची लक्षणं. 'वयामुळे होतंय' म्हणून ती सहज दुर्लक्षित राहतात. उपाय साधा आहे: साशे रोजच्या डब्यात ठेवू नका, एक वार ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या वारांवर खूण करून ठेवा.

घ्यायची पद्धतही नीट पाळायला हवी. डी स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं. सकाळी उपाशीपोटी पाण्यातून घेतलेल्या साशेचा बराचसा भाग वाया जाऊ शकतो. दिवसातलं जे मोठं जेवण, ज्यात तूप-तेल असतं, त्यानंतर घ्या. साशे अर्धा पेला कोमट, साय न काढलेल्या दुधात ढवळा. दाणे पूर्ण विरघळत नाहीत, पेल्याच्या कडेला आणि तळाशी चिकटतात. म्हणून दूध प्यायल्यावर त्याच पेल्यात दोन घोट दूध घालून, हलवून तेही प्या.

कोणतं रूप घ्यावं? साधं पचन असलेल्या माणसाला साशे आणि सॉफ्टजेल यांत फरक पडत नाही. सॉफ्टजेलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. ज्या घरांत ते चालत नाही त्यांना साशे किंवा चघळायची गोळी बरी. डी३ स्वतः बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धांशापासून बनतं, हेही शाकाहार काटेकोर पाळणाऱ्यांना माहीत असावं. लायकेनपासून बनवलेलं डी३ मिळतं, पण ते महाग पडतं. 'नॅनो' म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या बाटल्यांना साशेपेक्षा जास्त पैसे मोजण्याचं कारण एरवी निरोगी माणसाला नाही. पित्ताचा किंवा आतड्याचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. डी३ केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रातही मिळतं. तिथलं घेतलं म्हणून गुण कमी येत नाही.

एकदाच टोचायचं सहा लाखांचं इंजेक्शन मात्र सोयीखातर घेऊ नये. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख आययू दिले, त्या अभ्यासात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. थोडं-थोडं आणि नियमित, हीच डीची रीत. ज्यांना रोज गोळी घेण्याची शिस्त आहे त्यांनी १,००० किंवा २,००० आययू रोज घेणं माझ्या मते साप्ताहिक साशेपेक्षा सरस. ज्यांची शिस्त मोडते त्यांनी साशेच घ्यावं.

तपासणी करायची तर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही करायची. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, ३०च्या वर पुरेसं आणि १००च्या वर गेलं की थांबून डॉक्टरांना दाखवायचं. कोर्स संपल्या-संपल्या पुन्हा तपासू नका, सुरुवातीपासून तीन महिने होऊ द्या. लठ्ठ माणसाला तीच पातळी गाठायला जास्त मात्रा लागते. फेनिटोइनसारखी फिट्सची औषधं आणि टीबीचं रिफाम्पिसिन डी लवकर संपवतात. मूतखडा झालेल्यांनी, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी आणि टीबी असलेल्यांनी मनाने साशे सुरू करू नये.

उन्हाचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. 'सकाळचं कोवळं ऊन घ्या' हा सल्ला डीच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. डी बनवणारे यूव्हीबी किरण सूर्य वर आल्याशिवाय पुरेसे पोचत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हात डी फारसं बनत नाही. सुमारे अकरा ते दोनमध्ये हात, दंड आणि पाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं, आणि सावळ्या रंगाला त्याहून जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन काचेतच गाळलं जातं, त्यात यूव्हीबी उरत नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहून, लोकलने जाऊन, दिवसभर ऑफिसात बसणाऱ्याला हे रोज जमणं अवघड, आणि जून ते सप्टेंबर तर ढगच असतात. लंडन-लेस्टरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ऑक्टोबर ते मार्चअखेर उन्हातून डी मिळणं जवळजवळ बंद होतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस तिथल्या सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमचा, आणि सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर घेण्याचा विचार करायला सांगते. तिथल्या बाटल्यांवर मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात, २५ म्हणजे आपले १,००० आययू. गावाहून नेलेलं ६०,०००चं साशे आणि तिथली रोजची गोळी दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका.

अन्नातून डी थोडं मिळतं. बांगडा आणि तारली हे त्यातले चांगले स्रोत. अंड्याच्या बलकात साधारण ४० आययू असतात. पिशवीच्या दुधावर आणि तेलाच्या पाकिटावर अधिकच्या चिन्हासह 'एफ' असं निळं चिन्ह असेल तर त्यात ए आणि डी घातलेलं असतं. लिटरभर दुधात २०० ते ३०० आययू घालायचं प्रमाण ठरलेलं आहे, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात ५० ते ७५. दिवसाला चार चमचे फोर्टिफाइड तेल पोटात गेलं तर त्यातून आणखी शंभरएक. दूध-तेल घेताना हे चिन्ह बघून घ्यावं, मात्र एवढ्यावर ६०० पुरे होत नाहीत.

बी१२ : स्ट्रिपवरचा आकडा आणि पोटात जाणारा आकडा

शाकाहारी मराठी घरासाठी या यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोळी हीच. बी१२ वनस्पतींमध्ये नसतं. पालकात, मोडांत, इडलीच्या आंबवलेल्या पिठात, स्पिरुलिनात शोधू नका. स्पिरुलिनात जे असतं त्याचा बराचसा भाग शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असतो. मासे, मटण, कलेजी, अंडी, दूध-दही यांतच ते मिळतं.

प्रौढाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. दुधात शंभर मिलिलिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे रोज दोन मोठे पेले दूध आणि वाटीभर दही घेणाऱ्याचं कसंबसं भागतं. ज्याच्या पोटात दूध फक्त दोन कप चहातून जातं त्याला पाव भागसुद्धा मिळत नाही. वारंवार उकळलेल्या दुधातलं बी१२ आणखी घटतं. अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅम, तोही बलकात. म्हणून पांढरंच खाणाऱ्याला काही मिळत नाही. बांगड्याचा एक तुकडा मात्र दिवसाची गरज सहज पार करतो. कोकण-गोव्यात आठवड्यातून तीन-चार वेळा मासे खाणाऱ्या, औषधं न घेणाऱ्या माणसाने ही स्ट्रिप घ्यायचं कारण नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास चालवला आहे. त्यात निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी१२ कमी आढळलं. ज्या मातांमध्ये बी१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिड हे त्याचंच रूप) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आपल्याच जिल्ह्यांतून आलेला पुरावा असल्याने तो मला फार मोलाचा वाटतो. घरात लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयाची शाकाहारी मुलगी असेल तर बी१२ची तपासणी पुढे ढकलू नये.

आता स्ट्रिपकडे वळू. गरज दोन-अडीचची आणि गोळी ५००, १,००० किंवा १,५०० मायक्रोग्रॅमची, हे कसं? पोटातून निघणारं इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच बी१२ आत नेतं. उरलेल्यातलं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणजे १,०००च्या गोळीतून आत जातात दहा-बारा मायक्रोग्रॅम आणि १,५००च्या गोळीतून सोळा-सतरा. आकडा दीडपट वाढला की दामही वाढतो, पण ५०० किंवा १,०००वर बहुतेकांचं काम होतं. जिभेखाली विरघळवायच्या गोळ्या महाग असतात, गिळायच्या गोळीपेक्षा त्यांचा जास्त फायदा दिसत नाही.

बी१२ची ही दोन रूपं: मिथाइलकोबालामिन की सायनोकोबालामिन? भारतात पहिल्याचंच राज्य आहे. दोन्ही शरीरात जाऊन कामाच्या रूपात बदलतात. सायनो स्वस्त आणि टिकाऊ असतं. मिथाइल उजेडात लवकर खराब होतं, म्हणून ते स्ट्रिपमधून काढून पारदर्शक डबीत ठेवू नका. प्राणिजन्य काहीच न घेणाऱ्यांसाठी ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचा सल्ला रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २,००० असा आहे, आणि तो वरच्या हिशेबात नीट बसतो. कमतरता तपासणीत निघाली असेल तर रोजची मोठी मात्रा लागते, ती किती दिवस हे डॉक्टर ठरवतील.

खरेदी करताना एक गोष्ट फार काळजीपूर्वक पाहा. मिथाइलकोबालामिनच्या पुष्कळ स्ट्रिपांत प्रीगाबालिन, गाबापेन्टिन किंवा नॉरट्रिप्टिलिन मिसळलेलं असतं. ही मज्जातंतूंच्या वेदनेची औषधं आहेत. त्यांनी झोप येते, चक्कर येते, आणि ती एकदम बंद करणंही त्रासाचं ठरतं. नावं जवळजवळ सारखी असतात, शेवटी फक्त एखादं अक्षर वाढलेलं असतं. दुकानदाराने 'हेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून हातात दिलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा. साधं बी१२ हवं असेल तर घटकांत एकच नाव असायला हवं.

न्यूरोबियन फोर्टसारखी बी-कॉम्प्लेक्स गोळी घेऊन 'बी१२ चालू आहे' असं बरेच जण सांगतात. तिच्यात बी१२ असतं १५ मायक्रोग्रॅम. वरच्या हिशेबाने त्यातलं दीड-पावणेदोन आत जातं. पातळी ठीक असलेल्या माणसाला ती टिकवायला हे पुरतं, पण रिकामी झालेली कोठी त्याने भरत नाही. आणि जे मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतात, किंवा रोज सकाळी पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेतात, त्यांच्या पोटात अन्नातलं बी१२ नीट सुटत वा शोषलं जात नाही. मधुमेह आणि ॲसिडिटी दोन्ही असलेल्या घरातल्या ज्येष्ठांची बी१२ तपासणी वर्षातून एकदा व्हावी. ही तपासणी बी१२ची गोळी सुरू करण्याआधी करायची, कारण आठवडाभर गोळी घेतली तरी रक्तातला आकडा फुगतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० ही संशयाची पट्टी, तिथे होमोसिस्टिनची (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याची) तपासणी मदत करते.

पायांत मुंग्या, तळवे बधिर, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा, लालबुंद गुळगुळीत जीभ यांपैकी काही असेल तर गोळीवर वेळ घालवू नका, इंजेक्शनं लागतात. आणि नुसतं फोलिक ॲसिड घेत राहणं घातक ठरू शकतं: हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं बरं वाटतं आणि आत मज्जातंतूंची झीज चालूच राहते.

बी-कॉम्प्लेक्स आणि सी

तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स, ही आपल्याकडची जुनी सवय. आठ-दहा दिवस घेतलं तर अपाय नाही आणि कधी उपयोगही होतो. लघवी गडद पिवळी होते ती रायबोफ्लेविनमुळे, म्हणजे बी२मुळे, घाबरू नका. पण दर महिन्याला तोंड येत असेल तर कॅप्सूल वाढवण्याऐवजी बी१२, हिमोग्लोबिन आणि तंबाखू-सुपारी यांकडे पाहायला हवं. बी६ मोठ्या मात्रेत महिनोनमहिने घेतलं तर त्यानेच हातपाय बधिर होतात. म्हणून दोन वेगवेगळ्या नावांची बी-कॉम्प्लेक्स औषधं एकत्र घेऊ नयेत.

बी१२ सोडलं तर बाकीची बी जीवनसत्त्वं आपल्या स्वयंपाकात भरपूर आहेत, फक्त आपण ती घालवतो. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकला की बी१ नष्ट होतं. तांदूळ पाच-सहा पाण्यांतून चोळून धुतले, वर पेज काढून ओतून दिली, तर तेच. कोकणातला आणि गोव्याचा उकडा तांदूळ या बाबतीत फार शहाणा आहे. टरफलासकट उकडल्यामुळे सालाजवळचं बी१ दाण्याच्या आत उतरतं आणि सडताना कोंड्याबरोबर जात नाही. उकड्या तांदळाची पेज ही या परीक्षणातल्या कुठल्याही बी१च्या गोळीला मी पर्याय म्हणून सुचवीन.

सीची लिम्सी ही ५०० मिलिग्रॅमची गोळी चघळायला छान लागते आणि मुलं ती गोळ्या-चॉकलेटसारखी खातात, अडचण तीच आहे. प्रौढाला रोज ६५ ते ८० मिलिग्रॅम सी लागतं. मध्यम आकाराच्या एका पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असतं आणि आवळ्यात तर विचारू नका. वरचं बहुतेक सगळं लघवीतून निघून जातं. रोज हजार मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की पुरुषांत मूतखड्याची शक्यता वाढते. सीचं खरं मोल जेवणाबरोबर घेण्यात आहे: वनस्पतींतलं लोह त्याच्यामुळे कितीतरी जास्त शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू पिळणं, मटकीच्या उसळीबरोबर कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर ठेवणं, हे त्यासाठीच करायचं. लिंबू फोडणीत टाकून उकळू नका, ताटात पिळा. आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला तर मिळवलेलं बरंचसं गमावलं म्हणून समजा, तासभर थांबा.

कॅल्शियम, लोह

शेलकॅल ५००च्या गोळीत १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतं. त्यातलं खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, शिवाय २५० आययू डी३. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणानंतरच घ्यायचं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. एका वेळी ५००च्या वर शरीर नीट घेत नाही, तेव्हा दोन गोळ्या एकदम घेऊ नका. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास अंतर हवं. थायरॉइडची मात्रा वाढवूनही टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) खाली येत नाही, अशा वेळी सकाळची कॅल्शियमची गोळी हे कारण असू शकतं.

पण आधी ताट मोजा. प्रौढाची गरज १,००० मिलिग्रॅम. नाचणीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे शंभर ग्रॅम पीठ, साधारण ३६०. पाव लिटर दूध ३००. वाटीभर दही २००च्या आसपास. दहा ग्रॅम तिळाची चटणी १२०, यातलं थोडं तिळातल्याच ऑक्झलेट या द्रव्यामुळे अडकतं. एवढ्यावर ९८० होतात आणि अजून भाजी मोजलेलीच नाही. शेवग्याचा पाला आणि राजगिऱ्याची पालेभाजी दोन्ही शंभर ग्रॅमला ३००च्या पुढे जातात. जवळा किंवा काट्यासकट खाल्लेली छोटी मासळी असेल तर आणखी भर. अशा घरात गोळी नको. दूध पचत नाही, भाकरी सुटली आहे, पाळी थांबून हाडं विरळ झाली आहेत, तिथे गोळी हवी, आणि तीही जेवणात जेवढी तूट असेल तेवढीच.

लोहाची गोळी तपासणीशिवाय सुरू करू नये, पण ज्यांना हवी त्यांना ती महागडी घ्यायची गरज नाही. ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेतली गर्भवतींची लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची असते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि काम चोख करते. ती सोडली जाते ती मळमळीमुळे. रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेतली तर मळमळ कमी होते. शौच काळी होणं ठरलेलंच, त्यात काळजीचं काही नाही.

परत ठेवायच्या वस्तू

डबीतल्या मल्टीव्हिटॅमिनवर पंचवीस-तीस नावं असतात आणि तीच त्याची विक्रीची खूण. एका कॅप्सूलमध्ये कॅल्शियमची दिवसाची गरज मावतच नाही, लोह आणि कॅल्शियम एकत्र आले की एकमेकांना अडवतात, आणि डी बहुधा ४०० आययूच्या आसपास. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये सांगितलं, की हृदयविकार आणि कर्करोग टाळण्यासाठी मल्टीव्हिटॅमिनच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही. व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन या कारणासाठी घेऊच नये, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. जेवण फारच कमी झालेल्या वृद्धाला, किंवा मोठ्या आजारातून उठलेल्याला काही आठवडे मल्टीव्हिटॅमिन द्यायला हरकत नाही. धडधाकट माणसाने त्याच पैशांत महिनाभराची फळं आणावीत.

व्हिटॅमिन ईची एव्हियॉन ४०० ही हिरवी कॅप्सूल पायात गोळे येतात म्हणून, केसांसाठी, चेहऱ्याला लावायला अशा सगळ्या कामांसाठी घेतली जाते. ईची रोजची गरज दहा मिलिग्रॅमच्या आसपास, कॅप्सूलमध्ये ४००. अमेरिकेतल्या सिलेक्ट या मोठ्या चाचणीत रोज ४०० आययू ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं २०११ मध्ये जाहीर झालं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वेगळाच. करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल आणि मूठभर शेंगदाणे रोजच्या जेवणात असतील तर ई कमी पडत नाही.

बायोटिनच्या गमीजमध्ये साखर असते आणि काही उत्पादनांत बायोटिन ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम. गरज ४०च्या आसपास. यात दडलेला धोका तपासण्यांचा आहे. जास्त बायोटिनमुळे टीएसएच आणि हृदयविकाराच्या झटक्यात तपासतात ते ट्रोपोनिन, यांचे निकाल चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रक्ततपासणीच्या दोन-तीन दिवस आधी ते बंद करा आणि लॅबला सांगा. केस गळत असतील तर आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड पाहा.

पाकिटावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं असेल तर ते अन्नपूरक, त्यातली मात्रा बहुधा रोजच्या गरजेच्या जवळपास असते. औषध परवान्याचा क्रमांक असेल तर ते औषध, त्याची मात्रा कित्येक पट असू शकते. ऑनलाइन विकत घेताना दोन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून प्रत्येक गोळीत किती ते वाचा. 'प्रति सर्व्हिंग'चा अर्थ कधी दोन, कधी तीन गोळ्या असतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चघळायच्या गोळ्या आणि साशेचे दाणे ओल धरतात, मेमध्ये सॉफ्टजेल एकमेकांना चिकटतात. गॅसजवळची फळी आणि बाथरूमचं कपाट सोडून कोरडी, उंच जागा निवडा. उंचच हवी, कारण लोहाच्या मूठभर लाल गोळ्या गोड समजून दोन वर्षांच्या मुलाने गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. तसं झाल्याची शंका जरी आली तरी उलटी काढण्याच्या घरगुती खटपटीत न पडता, रिकामी स्ट्रिप हातात घेऊन थेट रुग्णालय गाठा.